चालत्या पट्ट्यावरील आंकडा

गेल्या वर्षीं आमच्या रक्तांत साखर वाजवीपेक्षां अधिक आढळली आणि डॉक्टरांनीं औषधाच्या जोडीस रोज अर्धा तास भरभर चालण्याचें पथ्य सांगितलें. पुण्याच्या रस्त्यांवर चालणें हें हल्लीं पथ्यापेक्षां धाडसाच्या सदरांत अधिक मोडतें. म्हणून घराजवळच्या एका व्यायामशाळेची वर्गणी आम्हीं भरली. तेथें एक यंत्र आहे. पट्टा पायांखालून मागें सरकतो, आपण जागच्या जागीं चालत राहतों, आणि समोरच्या कांचेवर तांबड्या अंकांत एक संख्या चढत जाते. आपण किती उष्मांक जाळले तें ती सांगते. पहिल्याच दिवशीं तीस मिनिटांच्या अखेरीस तेथें १८६ हा आंकडा उमटला. घरीं येऊन पाहतों तों दिवाळीच्या बेसनाच्या लाडवांचा डबा समोर! एका मध्यम लाडवाचे उष्मांक जवळजवळ तितकेच भरतात, असें मुलीनें कोष्टक पाहून सांगितलें. जमाखर्च जुळला. लाडू पोटांत गेला. मग हाच शिरस्ता पडला. दिवाळीचा डबा संपला तरी नवा भरला जाऊं लागला, आणि तीन महिन्यांनीं डॉक्टरांच्या तराजूवर उभे राहिलों तेव्हां वजन एक किलोनें वाढलेलें होतें. साखरेविषयीं डॉक्टर जें बोलले तें येथें लिहिण्यासारखें नाहीं.

आमचा धंदा इतिहास शिकवण्याचा. जुना कागद हातीं आला कीं हा कोणीं लिहिला, केव्हां लिहिला आणि कशाच्या आधारें लिहिला, हे प्रश्न आम्ही विद्यार्थ्यांना आधीं विचारावयास लावतों. यंत्रावरच्या त्या तांबड्या अंकाला मात्र आम्हीं यांतला एकही प्रश्न विचारला नव्हता. ती चूक सुधारावी म्हणून ग्रंथालयांत गेलों, आणि जें हातीं लागलें तें लाडवापेक्षां पुष्कळच गंभीर निघालें.

देहाचा जमाखर्च मांडण्याचा पहिला मोठा उद्योग पादुआच्या सांतोरिओनें केला. हा १५६१ त जन्मलेला वैद्य. त्यानें तराजूला खुर्ची टांगली आणि तींत बसून तो जेवण्यापूर्वीं, जेवल्यावर, झोपेनंतर स्वतःस तोलीत असे. खाल्लेलें अन्न आणि देहांतून दिसण्यासारखें बाहेर पडलेलें सारें वजा केलें तरी हिशेब जुळत नाहीं, कांहीं तरी न दिसतां निघून जातें, असें त्यास आढळलें. १६१४ सालीं त्यानें आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. निघून जातें तें काय, हें सांगण्याचें साधन त्याच्या काळीं नव्हतें. तें पावणेदोनशें वर्षांनीं फ्रान्सांत लाव्हाझिए या रसायनशास्त्रज्ञाच्या हातीं आलें.

लाव्हाझिएनें लाप्लास या गणितज्ञाच्या साह्यानें १७८२-८३ च्या हिवाळ्यांत एक गिनी पिग बर्फानें वेढलेल्या पात्रांत ठेवला. दहा तासांत त्या प्राण्याच्या उबेनें तेरा औंस बर्फ वितळला. तितकाच श्वास सोडणारा कोळसा जाळला असतां किती बर्फ वितळेल, याच्याशीं तो आंकडा ताडून पाहून त्यांनीं निर्णय दिला कीं श्वास घेणें म्हणजे मंद ज्वलनच होय. पुढें सेगँ नांवाच्या सहकाऱ्याच्या तोंडावर मुखवटा बसवून लाव्हाझिएनें मनुष्य किती प्राणवायु घेतो तें मोजलें. उपाशीं व स्वस्थ असतां तासाला सुमारें २४ लिटर. पायानें वजन उचलण्याचें काम करतांना ६३ लिटरांच्या वर. "अमुक श्रमाला अमुक इंधन" हा हिशेब मनुष्यजातीनें प्रथम मांडला तो हा. आणि मांडतांक्षणींच त्याचा अर्थ लाव्हाझिएच्या ध्यानांत आला. अंगमेहनत करणारा गरीब अधिक जळतो, म्हणून त्याला अधिक अन्न हवें. पण अधिक अन्न मिळतें तें स्वस्थ बसणाऱ्या श्रीमंताला, ही विसंगति त्यानें आपल्या १७८९ च्या निबंधांत बोलून दाखविली. त्याच वर्षीं फ्रान्सांत राज्यक्रांति सुरू झाली, आणि जुन्या राजवटींत कर गोळा करण्याचा मक्ता घेतलेल्या मंडळींपैकीं एक म्हणून १७९४ च्या मे महिन्यांत लाव्हाझिएचा शिरच्छेद झाला. प्रयोग अर्धेच राहिले.

यानंतर जो प्रकार आला तो आमच्या व्यायामशाळेंतील सोबत्यांना मीं सांगितला तेव्हां एकदोघांनीं पट्टा बंद करून ऐकला. जागच्या जागीं चालावयास लावणारें यंत्र मूळचें आरोग्याचें नव्हे, शिक्षेचें! विल्यम क्युबिट या इंग्रज स्थापत्यकारानें १८१८ सालीं तुरुंगांसाठीं पायऱ्यांचें एक लांबट चाक तयार केलें. कैद्यांनीं ओळीनें उभें राहून वरची पायरी चढावी, ती खालीं जावी, पुन्हां वरची चढावी. असा हा न संपणारा जिना. कोठें त्यावर धान्य दळलें जाई किंवा पाणी उपसलें जाई, पण पुष्कळ ठिकाणीं तें चाक कांहींच करीत नसे. निरर्थक श्रम हीच शिक्षा. १८९८ च्या कायद्यानंतर ती इंग्लंडांतून हळूहळू गेली. तत्पूर्वीं ऑस्कर वाइल्डसारख्या नाटककारालाही तें चाक चढावें लागलें होतें.

लंडनच्या कोल्डबाथ फील्ड्स तुरुंगांतील या चाकावर एडवर्ड स्मिथ या डॉक्टरानें १८५० नंतरच्या दशकांत प्रयोग केले. श्वासाची हवा मोजण्याचें यंत्र तोंडाशीं बांधून तो स्वतः चाकावर चढला, ही गोष्ट आम्हांस त्याच्या विद्वत्तेइतकीच आवडली. चाक चढतांना उच्छ्वासांतील कर्बाम्लवायु स्वस्थ बसण्याच्या कित्येक पट वाढतो, पण मूत्रांतील नत्रयुक्त द्रव्य त्या मानानें मुळींच वाढत नाहीं, असें त्यास दिसलें. त्या काळचा सर्वमान्य सिद्धान्त जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग याचा. स्नायूंचें काम स्नायूच जळून होतें, म्हणून मजुरास मांसासारखें नत्रयुक्त अन्नच शक्ति देतें, असें त्याचें म्हणणें. स्मिथच्या आंकड्यांनीं त्या सिद्धान्तास पहिली मोठी चीर पाडली. दुसरी पाडली १८६५ च्या ऑगस्टांत फिक आणि व्हिस्लिसेनस या दोघा प्राध्यापकांनीं. हे दोघे स्वित्झर्लंडांतील फाउलहॉर्न पर्वतावर चढले. चढण १९५६ मीटर. खाणें काय, तर पिठुळ सत्त्वाच्या चरबींत तळलेल्या वड्या, नत्राचा जवळजवळ लवलेश नाहीं. फिकचें वजन ६६ किलो. तेवढें ओझें तेवढ्या उंचीवर नेण्याचें काम केवळ गुणाकारानें निघतें. मूत्रावरून पाहतां त्याच्या देहांत त्या अवधींत प्रथिनें जळलीं सुमारें ३७ ग्रॅम. पुढच्याच वर्षीं इंग्लंडांत फ्रँकलंडनें निरनिराळे खाद्यपदार्थ जाळून त्यांची उष्णता मोजली, आणि त्या ३७ ग्रॅमांतून निघणारी शक्ति डोंगर चढण्याच्या कामाच्या निम्म्याहून फारशी अधिक नाहीं, असें ठरलें. म्हणजे उरलेलें काम पिठानें आणि चरबीनें केलें.

हें सारें लिहितांना आमच्या मनांत वारंवार १८७७ साल येत होतें. युरोपांत ही विद्या अशी वाढत असतां आमच्या दक्षिणेंत एका मनुष्याच्या देहाचा हिशेब एका कचेरींत मांडला गेला. १८७६ चा पाऊस चुकला आणि मुंबई व मद्रास इलाख्यांत भयंकर दुष्काळ पडला. सर रिचर्ड टेंपल यांस हिंदुस्थान सरकारनें दुष्काळी कामांच्या पाहणीवर पाठविलें. तीन वर्षांपूर्वीं बिहारांत याच गृहस्थांनीं दुष्काळपीडितांसाठीं सढळ हातानें खर्च केला होता, आणि त्याबद्दल वरिष्ठांकडून व वर्तमानपत्रांकडून उधळेपणाचा ठपका घेतला होता. या खेपेस त्यांनीं काटकसर दाखविली. दुष्काळी कामावरच्या प्रौढ पुरुषास दिवसाला एक पौंड धान्य पुरेल, व मीठमिरचीस एक आणा, असें प्रमाण त्यांनीं १८७७ च्या आरंभीं ठरविलें. पूर्वींचें प्रमाण दीड पौंडाचें होतें.

आज शाळेंतला मुलगाही हा हिशेब करील. एक पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम. शंभर ग्रॅम ज्वारीचे उष्मांक साडेतीनशेंच्या आंत. एकूण सुमारें सोळाशें. पन्नास किलो वजनाचा मनुष्य नुसता पडून राहिला तरी दिवसाला सुमारें साडेबाराशें जळतात. बाकी राहिले साडेतीनशें. खडी फोडण्याच्या कामाला तासाला पडून राहण्याच्या वर निदान दोनशें लागतात. म्हणजे त्या पौंडभर धान्यांत पावणेदोन तासांचें काम होतें. पुढचें काम मजूर स्वतःच्या देहांतून भरीत होता. मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉक्टर कॉर्निश यांनीं या प्रमाणाविरुद्ध सरकारी कागदांतून कडाक्याची तक्रार केली. मुंबई इलाख्यांत तर मजुरांनींच उत्तर दिलें. कमी केलेली मजुरी नाकारून हजारों लोक कामें सोडून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें आपल्या माणसांकडून गांवोगांवची हकीकत मिळविली आणि पौंडाचें प्रमाण अपुरें आहे असें सरकारास वारंवार लिहिलें. काहीं महिन्यांनीं प्रमाण वाढवावें लागलें. टेंपलसाहेब तोंपर्यंत मुंबईचे गव्हर्नर झाले होते. त्या दुष्काळांत दक्षिणेंत मेलेल्यांचा अंदाज पन्नास लाखांच्या वर जातो. त्यांतले किती या पौंडाच्या खातीं घालावे हें कोणास सांगतां येणार नाहीं, पण खातें आहे.

टेंपल यांस उष्मांकाचा हिशेब ठाऊक नव्हता, असें त्यांच्या बाजूनें म्हणतां येईल. फ्रँकलंडचे आंकडे मात्र छापून अकरा वर्षें झालीं होतीं. जर्मनींत फॉइट याच सुमारास मध्यम श्रमाच्या कामकऱ्यास दिवसाला तीन हजारांहून थोडे अधिक उष्मांक हवेत असें मांडीत होता. त्याचा कामकरी सत्तर किलोंचा होता, आमचा पन्नासाचा. तेवढी वजावट करूनही टेंपलच्या शिध्याचें समर्थन होत नाहीं.

आतां अमेरिकेकडे वळूं. फॉइटच्या म्यूनिक येथील पद्धति पाहून आलेल्या ॲटवॉटर या रसायनशास्त्रज्ञानें १८८७ सालापासून 'सेंच्युरी' मासिकांत लेख लिहून उष्मांक हा शब्द सामान्य वाचकांच्या घरांत नेला. मासिकांचा असाही उपयोग होत असतो. मग मिडलटाउन येथील वेस्लियन विद्यापीठांत रोझा या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकासह त्यानें एक खोली बांधली. खोली कसली, मोठें कपाटच. सात फूट लांब, चार फूट रुंद, सवासहा फुटांहून थोडी उंच. भिंती धातूच्या. आंतल्या नळांतून गार पाणी फिरे आणि तें किती तापून बाहेर येतें यावरून देहाची उष्णता मोजली जाई. १८९६ पासून तींत माणसें कित्येक दिवस राहूं लागलीं. अन्न एका झडपेंतून आंत जाई, मळमूत्र तिच्यांतूनच बाहेर येई, दोन्ही तोललीं जात. आंत एक बिछाना, एक टेबल आणि एक जागची न हलणारी सायकल. सायकलीच्या चाकाला विजेचें यंत्र जोडलेलें, त्यामुळें पायांनीं किती काम केलें तें तंतोतंत कळे. आंत गेलेल्या अन्नाची शक्ति आणि बाहेर आलेली उष्णता व काम यांत जें अंतर पडे तें एकंदरींत शेंकडा एकाहूनही कमी होतें. बिस्किटांच्या पुड्यावर आज जे उष्मांक छापतात, ते मुख्यतः या ॲटवॉटरच्या गुणकांनीं काढलेले असतात. पिष्ट पदार्थ व प्रथिनें ग्रॅमास चार, स्निग्ध नऊ.

यावरून वाचकांच्या ध्यानांत येईल कीं मनुष्य किती जाळतो हें बिनचूक मोजतां येतें. सव्वाशें वर्षांपूर्वींही येत होतें. अट एकच. त्याला कपाटांत कोंडावा लागतो. बाहेर मोजावयाचें तर उच्छ्वास गोळा करावा लागतो. बर्लिनच्या त्सुंट्झनें १८८९ च्या सुमारास घोड्यासाठीं चालता पट्टा बनविला व पुढें माणसांनाही त्यावर चालविलें. क्युबिटचें यंत्र शिक्षेंतून सुटून प्रयोगशाळेंत आलें तें असें. इंग्लंडांत डग्लसनें १९११ सालीं पाठीवर बांधावयाची मोठी पिशवी काढली, तींत उच्छ्वास सांठवून नंतर त्याचें पृथक्करण करावयाचें. एक लिटर प्राणवायु म्हणजे सुमारें पांच उष्मांक, हा या सर्व उद्योगाचा लोण्याचा गोळा.

आमच्या व्यायामशाळेंतील यंत्राला कपाट नाहीं, मुखवटा नाहीं, पिशवी नाहीं. त्याला ठाऊक असतात दोन गोष्टी; पट्टा किती वेगानें फिरतो आणि किती चढला आहे. बाकी सारें सूत्र. अमेरिकेंतील क्रीडावैद्यकाच्या महाविद्यालयानें प्रसिद्ध केलेलें चालण्याचें सूत्र असें कीं सपाटीवर मिनिटाला जितके मीटर चालाल त्याच्या एकदशांशाइके मिलिलिटर, अधिक स्वस्थ बसण्याचे साडेतीन मिलिलिटर, इतका प्राणवायु देहाच्या प्रत्येक किलोस मिनिटाला लागतो. आम्ही मिनिटाला ८० मीटर चालत होतों. आमचें वजन ७० किलो. आठ अधिक साडेतीन, म्हणजे साडेअकरा. गुणिले सत्तर, म्हणजे आठशें पांच मिलिलिटर. म्हणजे मिनिटाला चार उष्मांक, अर्ध्या तासाला सुमारें १२१. यंत्र म्हणालें होतें १८६! कारखानदार आपलें सूत्र क्वचितच सांगतात. चौकशी करतां शिक्षकाचें काम करणारा तरुण हंसून म्हणाला, "सर, तुम्ही वजन कुठं घातलं होतंत? न घातलं तर यंत्र आपल्याच मनानं एक वजन धरतं. आणि दांडी धरून चालता तें वेगळंच." दांडी धरली कीं देहाचा भार हातांवर जातो आणि पाय कमी राबतात, सूत्र मात्र मोकळ्या हातांनीं चालणाऱ्याचें.

अजून एक मेख आहे, आणि लाडवाच्या दृष्टीनें तीच महत्त्वाची. त्या १२१ मध्यें ३७ उष्मांक असे आहेत कीं आम्ही घरीं आरामखुर्चींत वर्तमानपत्र वाचीत बसलों असतों तरी जळलेच असते. चालण्याची निव्वळ कमाई ८४. लाडू १८६ चा. रोज शंभराची तूट, नव्वद दिवसांची नऊ हजार. देहांतील चरबीचा किलो सुमारें ७७०० उष्मांकांचा धरतात. डॉक्टरांचा तराजू खोटें बोलत नव्हता.

बरें, तें साडेतीन मिलिलिटरही सर्वांना लागू नाहीं. २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत ७६९ स्त्रीपुरुषांचा स्वस्थ बसल्या वेळचा प्राणवायु मोजला, तो सरासरीनें याहून पुष्कळच कमी भरला. रूढ आंकडा खऱ्यापेक्षां सुमारें शेंकडा पस्तीस अधिक होता. मनगटावर बांधावयाच्या घड्याळांचीही हीच कथा. २०१७ त स्टॅनफर्ड विद्यापीठांत साठ जणांच्या मनगटांवर सात प्रकारचीं घड्याळें बांधून ताडून पाहिलीं. हृदयाचे ठोके त्यांतलीं सहा घड्याळें शेंकडा पांचाच्या आंतल्या चुकीनें मोजीत होतीं. उष्मांकांत मात्र सर्वांत चांगल्याची चूक शेंकडा सत्तावीस आणि सर्वांत वाईटाची त्र्याण्णव. ठोके मोजणें निराळें आणि ठोक्यांवरून इंधन ओळखणें निराळें; परीक्षेच्या निकालाची वाट पाहणाऱ्या मुलाचेही ठोके वाढतात, तो कांहीं डोंगर चढत नसतो.

सर्वांत विश्वासू यंत्र कोणतें, असें कोणी विचारील तर आमचें मत जागच्या सायकलीला आहे, आणि तें ॲटवॉटरच्या स्मरणानें नव्हे. चांगली सायकल पायांनीं केलेलें काम खरोखर मोजते. शंभर वॉटनें अर्धा तास चालविली तर त्रेचाळीस उष्मांकांइतकें काम होतें. देह आपल्या इंधनाच्या चौथ्या ते पांचव्या हिश्शाचेंच काम करतो, बाकीची उष्णता होते. म्हणून खर्च १७० ते २१५ च्या दरम्यान. एवढें अंतर राहतेंच, पण तें निदान खऱ्या मोजणीवर उभें असतें. हातपाय दोन्ही हलविण्याचीं जीं नवीं यंत्रें आलीं आहेत, तीं प्रत्येक कारखान्याचीं निराळ्या घडणीचीं असल्यामुळें त्यांच्यासाठीं एक सामाईक सूत्रच नाहीं. त्यांचे आंकडे नेहमीं सर्वांत मोठे दिसतात आणि त्यांच्यापुढें रांगही सर्वांत मोठी असते.

आम्ही हल्लीं सायकलीवर बसतों. गुडघा कुरकुरला कीं पट्ट्यावर जातों, वजन घालतों, दांडी सोडतों आणि कांचेवर पंचा टाकतों. तो शिक्षक आतां त्याला हंसत नाहीं. परवां त्यानें एका नव्या सभासदास वजन घालण्याविषयीं आधींच बजावलेलें ऐकूं आलें. लाडवांचा डबा घरांतल्या मंडळींनीं वरच्या फळीवर ठेवला आहे, आणि पुढची तपासणी येत्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत आहे.